रोड बाइकच्या फ्रेमला बसणारा क्रँकसेट कसा निवडायचा: आधी शेल, मग दाते

क्रँकसेट, म्हणजे पेडलचे दोन हात (क्रँक) आणि पुढची दातेरी चाकं (चेनरिंग), बदलायचा ठरला की बहुतेक जण आधी चेनरिंगचे दाते ठरवतात, मग ग्रुपसेटचं (गिअर-ब्रेकच्या संचाचं) नाव, मग किंमत. फ्रेमची आठवण पार्सल घरी आल्यावर होते. हा क्रम उलटा आहे. क्रँकसेट बसणार की नाही हे फ्रेमच्या तळाशी असलेली आडवी नळी ठरवते. तिला बॉटम ब्रॅकेट शेल म्हणतात. तिची रुंदी, तिचा आतला व्यास आणि तिला आटे आहेत की नाहीत, या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

"शिमानो आहे, कुठल्याही रोड बाइकला बसतो" हे दुकानातही ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. क्रँक बसतो, पण योग्य बॉटम ब्रॅकेट (शेलमध्ये बसणारा बेअरिंगचा संच) मिळाला तर, चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) जुळली तर आणि फ्रंट डिरेल्युअर (पुढच्या रिंगांवर चेन सरकवणारा भाग) तेवढा खाली आला तर. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळलात तर त्याचा खर्च नंतर होतोच.

हाताशी काय हवं: व्हर्नियर कॅलिपर (साधा डिजिटलही चालेल), स्टीलची पट्टी, टॉर्च, ५ आणि ८ मिमीची एलन की, कागद-पेन आणि फोनचा कॅमेरा. जुना क्रँक स्वतः काढणार असाल तर त्याला लागणारा पुलर किंवा बीबीचा पाना. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. पुढे हाच शब्द वापरतो.

## टप्पा १: फ्रेमचा शेल ओळखा

सायकल उलटी करू नका, स्टँडवर लावा. क्रँकच्या मागे टॉर्च मारून बघा. शेलच्या बाहेर दोन्ही बाजूंना खाचा असलेले धातूचे कप दिसत असतील, तर शेल जवळपास नक्कीच आट्यांचा आहे. कप दिसत नसतील, किंवा प्लास्टिकची पातळ कडा तेवढी दिसत असेल, तर प्रेस-फिट (आट्यांविना, दाबून बसवलेला) असण्याची शक्यता मोठी. चौकोनी टेपरचा (चौकोनी, निमुळत्या टोकांच्या दांड्याचा) जुना कार्ट्रिज बीबीही आटेवाल्या शेलच्या आतच बसतो आणि बाहेरून फारसा दिसत नाही. त्यामुळे नुसत्या नजरेवर थांबू नका.

रुंदी मोजताना फक्त शेल मोजायचा, कप सोडून. कप बाहेर असतील तर व्हर्नियरचे जबडे शेलच्या कडांवर टेकवा. आतला व्यास मात्र बीबी काढल्यावरच खात्रीने मोजता येतो.

रोड फ्रेमवर प्रत्यक्षात भेटणारे प्रकार असे:

१. बीएसए, म्हणजे इंग्लिश आटे: रुंदी ६८ मिमी, आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि बऱ्याच कार्बन फ्रेमवर हाच प्रकार दिसतो.

२. इटालियन: रुंदी ७० मिमी, आटे ३६ मिमी व्यासाचे, इंचाला २४. दोन्ही बाजूंचे आटे सरळ. पिनारेलोच्या डोग्मावर आजही हेच.

३. बीबी३०: रुंदी ६८, भोक ४२ मिमी. आटे नाहीत. बेअरिंग थेट फ्रेममध्ये, आत क्लिप.

४. पीएफ३०: रुंदी ६८, भोक ४६ मिमी. बेअरिंग कपात, कप फ्रेममध्ये दाबलेला.

५. बीबी८६: रुंदी ८६.५, भोक ४१ मिमी. प्रेस-फिट कार्बन रोड फ्रेममध्ये सर्रास सापडतो.

६. बीबी३८६ इव्हो: रुंदी तीच ८६.५, पण भोक ४६ मिमी.

७. बीबीराइट: रुंदी ७९, भोक ४६ मिमी. सर्व्हेलोचा. शेल डाव्या बाजूला जास्त पुढे आलेला असतो.

८. बीबी९०: रुंदी सुमारे ९०, भोक ३७ मिमी. ट्रेकच्या जुन्या कार्बन फ्रेमवर. बेअरिंग थेट कार्बनमध्ये.

९. टी४७: आटे ४७ मिमी व्यासाचे. शेलची रुंदी एकच नाही. ६८ पासून ८६ च्या आसपासपर्यंत वेगवेगळी मिळते.

सगळ्यात जास्त घोटाळा ५ आणि ६ मध्ये होतो. दोन्हींची रुंदी ८६.५ आहे, त्यामुळे बाहेरून पट्टी लावून काही कळत नाही. फरक भोकात आहे: ४१ की ४६. तसंच ३ आणि ४ ची रुंदीही एकच. पट्टीने मोजून "बीबी८६ आहे" म्हणत ऑर्डर दिली आणि कप ५ मिमीने लहान निघाला, हे नेहमीचं आहे.

बीएसए आणि इटालियनमध्ये रुंदीचा फरक फक्त २ मिमी. रंगाचा जाड थर असेल तर तोही फसवतो. म्हणून जुन्या कपावर कोरलेले आकडे वाचा. "१.३७ × २४" असेल तर बीएसए, "३६ × २४" असेल तर इटालियन.

सावधान: बीएसएचा उजवा कप सैल करताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. इटालियनचा उजवा कप त्याच्या उलट दिशेने. प्रकार ओळखण्याआधी लांब पाना लावून जोर केलात तर शेलचे आटे जातात. मग फ्रेम वाचवण्याचा खर्च क्रँकसेटएवढा होऊ शकतो.

सावधान: कंपनीच्या वेबसाइटवरचं मॉडेलचं नाव पुरेसं नाही. त्याच नावाच्या फ्रेमचा शेल वर्षागणिक बदलतो. ट्रेकच्या एका पिढीला बीबी९० आणि पुढच्या पिढीला टी४७ असं घडलेलं आहे. फ्रेमचं वर्ष बघा, आणि तरीही मोजाच.

तपासणी: कागदावर आता तीन नोंदी हव्यात. रुंदी, भोक किंवा आट्यांचा आकडा, आणि आटे की प्रेस-फिट. एखादी नोंद "बहुतेक" या शब्दाने सुरू होत असेल तर पुढे जाऊ नका. दुकानात बीबी काढून मोजून घ्या.

## टप्पा २: हव्या असलेल्या क्रँकसेटचा स्पिंडल ओळखा

स्पिंडल म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा दांडा. क्रँकसेटच्या जाहिरातीत दाते आणि लांबी ठळक असते, स्पिंडल मात्र तळाशी बारीक अक्षरात. निवडीत त्याचाच नंबर आधी लागतो.

- २४ मिमी: शिमानोचा हॉलोटेक २. इतर अनेक कंपन्यांचे क्रँकही याच मापात मिळतात.
- २४/२२ मिमी: स्रॅमचा जीएक्सपी. उजवीकडे २४, डावीकडे २२. याला जीएक्सपीचाच बीबी हवा. शिमानोचा बीबी आधीच बसलेला आहे म्हणून त्यावर हा क्रँक चढवू नका.
- २८.९९ मिमी: स्रॅमचा डब, २०१८ पासून. ३० च्या बीबीत टाकला तर खेळ राहतो. एक मिलिमीटरचा फरक म्हणून सोडून देऊ नका.
- ३० मिमी, आखूड: मूळ बीबी३० साठीचा.
- ३० मिमी, लांब: बीबी३८६ इव्होच्या मापाचा.
- २५ मिमी, मध्यभागी दातेरी जोड: कॅम्पाग्नोलोचा अल्ट्रा-टॉर्क. याची बेअरिंग क्रँकवरच असतात आणि कप त्यांचेच लागतात.
- चौकोनी टेपर: यात स्पिंडल बीबीचा भाग असतो, क्रँकचा नाही.

काही स्वस्त दोन-तुकडी क्रँकसेटचा स्पिंडल १९ मिमीचाही असतो. दिसायला ते हॉलोटेकसारखे, बीबी मात्र वेगळा. सायकलबरोबर आलेला क्रँक ठेवून फक्त बीबी बदलणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

३० मिमीच्या दोन लांबींकडे विशेष लक्ष द्या. "३० मिमी स्पिंडल" एवढंच लिहिलेला क्रँकसेट घेऊ नका. तो आखूड निघाला तर बीएसए, बीबी८६, बीबी३८६ आणि बीबीराइट या चारांपैकी कुठेही बसणार नाही. विक्रेत्याला लांबी विचारा. त्याला सांगता येत नसेल तर मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या तांत्रिक कागदात बघा.

चौकोनी टेपरमध्ये दोन मानकं आहेत: जपानी जेआयएस आणि जुन्या कॅम्पाग्नोलोचं आयएसओ. दोघांचा उतार सारखा, पण टोकाची जाडी वेगळी. जेआयएसचा क्रँक आयएसओ स्पिंडलवर गरजेपेक्षा जास्त आत सरकतो, उलट केलं तर बाहेर राहतो. शिवाय स्पिंडलच्या लांबी १०३, १०७, ११०, ११३, ११८ अशा अनेक. कुठली हवी हे क्रँकचं मॉडेल सांगतं, जुन्या बीबीची लांबी नाही. जुना बीबी ११३ चा होता म्हणून नवीनही ११३ घेतला आणि चेनलाइन बिघडली, असं बऱ्याचदा होतं.

## टप्पा ३: शेल आणि स्पिंडलची जोडी जुळवा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. आपल्या शेलचा परिच्छेद वाचा, बाकीचे सोडलेत तरी चालेल.

बीएसए ६८: २४ मिमी, जीएक्सपी, डब, चौकोनी टेपर, अल्ट्रा-टॉर्क, सगळं चालतं. ३० मिमीचा लांब स्पिंडल बाहेरच्या कपांसह बसतो, आखूड बसत नाही. रोडच्या हॉलोटेक क्रँकला ६८ च्या शेलवर स्पेसर लागत नाहीत. बीबीच्या खोक्यात २.५ मिमीचे स्पेसर निघाले तर ते माउंटन बाइकच्या क्रँकसाठी असतात. खोक्यात आहेत म्हणून लावू नका.

इटालियन ७०: २४ मिमी घ्या आणि निश्चिंत राहा. ३० चे पर्याय मोजके आहेत.

बीबी३० आणि पीएफ३०: आखूड ३० इथलाच. लांब ३० दोन्ही बाजूंना स्पेसर देऊन बसतो. डबसाठी वेगळा बीबी मिळतो. २४ मिमी बसवायचा असेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जुनी ३० ची बेअरिंग ठेवून आत बारीक रिंगा घालणं. दुसरा म्हणजे २४ च्या बेअरिंगचाच पूर्ण बीबी घेणं. दुसरा थोडा महाग आहे, पण तोच घ्या. रिंगा घातल्या की सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा कधी ना कधी करकरतो. पीएफ३० साठी असा बीबी निवडा ज्याचे दोन्ही कप शेलच्या आत एकमेकांत आट्यांनी घट्ट होतात. सह्याद्रीच्या पावसात सायकल चालवणाऱ्याने नुसत्या दाबून बसणाऱ्या प्लास्टिक कपांपेक्षा यावर पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीबी८६: हा शेल २४ मिमीसाठीच आखला गेला. शिमानोचा क्रँक आणि शिमानोचा प्रेस-फिट बीबी ही इथली सगळ्यात निवांत जोडी. जीएक्सपी आणि डबही चालतात. लांब ३० तांत्रिकदृष्ट्या बसतो, पण ४१ च्या भोकात ३० चा दांडा घातला की बेअरिंगला जागाच उरत नाही. ती फार पातळ घ्यावी लागते आणि लवकर जाते. कुणी फुकट दिला तरच विचार करा, विकत घेऊ नका.

बीबी३८६ इव्हो: लांब ३०, डब, आणि योग्य बीबीसह २४. आखूड ३० नाही.

बीबीराइट: बीबीराइटचा खास स्पिंडल, किंवा लांब ३० स्पेसरसह. २४ आणि डबसाठी बीबीराइटचे वेगळे बीबी मिळतात. शेल दोन्ही बाजूंना सारखा नसल्यामुळे स्पेसर कुठल्या बाजूला किती, हे बीबीच्या कागदावरूनच घ्या. अंदाजाने वाटू नका.

बीबी९०: २४ आणि जीएक्सपी. डब नाही, ३० नाही. या फ्रेमच्या मालकांनी आकर्षक सवलतीतला डब क्रँकसेट पाहिला तरी तो सोडून द्यावा.

टी४७: जवळपास सगळं बसतं, पण बीबी घेताना शेलची रुंदी आणि कप आत की बाहेर हे दोन्ही जुळलं पाहिजे.

सावधान: बीबी३० मध्ये आटेवाला बीएसए बीबी बसवून देणारी बाही मिळते. ती चिकटद्रव्याने बसवतात आणि ती कायमची असते. काढताना फ्रेम खराब होण्याचा धोका आहे. दुकानदाराने सुचवली तर आधी हे विचारा: "पुन्हा काढता येईल का?"

तपासणी: कागदावर एक ओळ लिहा: शेल अमुक, स्पिंडल तमुक, बीबीचा नेमका मॉडेल नंबर. बीबीचा मॉडेल नंबर सापडत नसेल तर ती जोडी अस्तित्वात नाही असं समजा आणि दुसरा स्पिंडल निवडा.

## टप्पा ४: चेनलाइन आणि चेनस्टेपासूनचं अंतर

चेनलाइन म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून दोन चेनरिंगच्या मधल्या बिंदूपर्यंतचं अंतर. शिमानोच्या ११ स्पीडपर्यंतच्या (मागे ११ गिअरपर्यंत) रोड क्रँकसाठी ते ४३.५ मिमी, १२ स्पीडसाठी ४४.५. ग्रॅव्हलच्या (कच्च्या रस्त्याच्या सायकलींच्या) जीआरएक्स क्रँकची चेनलाइन सुमारे ४७, म्हणजे रोडपेक्षा अडीच ते साडेतीन मिलिमीटर बाहेर. एवढा फरक रोडच्या फ्रंट डिरेल्युअरला पेलत नाही. घाट सोपा व्हावा म्हणून रोड बाइकला जीआरएक्सचा ४६/३० क्रँक लावणारे बरेच आहेत आणि ती कल्पना चांगलीही आहे. पण त्याच्यासोबत जीआरएक्सचाच फ्रंट डिरेल्युअर घ्यावा लागतो, हे आधी हिशोबात धरा.

जुनी चेनलाइन मोजायची सोपी रीत: शेलच्या रुंदीचा निम्मा भाग, अधिक शेलच्या कडेपासून दोन चेनरिंगच्या मधल्या जागेपर्यंतचं अंतर. सीट ट्यूबपासून मोजू नका. एअरो फ्रेमची सीट ट्यूब मध्यावर असेलच असं नाही. बीबीराइटला मात्र निम्म्या रुंदीची रीत लागू होत नाही, कारण तिथे शेलच एका बाजूला सरकलेला असतो.

आता चेनस्टे, म्हणजे शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या. चेनरिंगची त्रिज्या दात × १२.७ ÷ ६.२८ इतकी येते. ४६ दातांची ९३ मिमी, ५० ची १०१, ५३ ची १०७. दातांची टोकं आणखी थोडी बाहेर असतात. ५० वरून ५३ वर गेलात तर रिंग ६ मिमी बाहेर येते. रुंद टायरसाठी चेनस्टे बाहेर वळवलेल्या फ्रेमवर एवढ्यानं काम अडतं. अशा फ्रेमच्या कागदात कमाल चेनरिंग दिलेली असते, ती बघा. दिलेली नसेल तर आत्ताच्या मोठ्या रिंगच्या टोकापासून चेनस्टेपर्यंतचं अंतर मोजा आणि हिशोब करा.

डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पॉवर मीटर असेल तर तो चेनस्टेला आणि मागच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाही, हेही याच वेळी तपासा.

क्यू-फॅक्टर, म्हणजे दोन्ही पेडलमधलं आडवं अंतर, शिमानोच्या रोड क्रँकचा साधारण १४६ मिमी आणि जीआरएक्सचा १५१. बहुतेकांना हा फरक जाणवत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर जाणवतो.

## टप्पा ५: आता दाते

इथपर्यंत आलात की दात ठरवण्याचं काम सोपं होतं, कारण यादी आपोआप लहान झालेली असते.

५३/३९, ५२/३६, ५०/३४, ४८/३१ आणि ४६/३० या नेहमीच्या जोड्या. निवड घाटावरच्या वेगाने करा, सपाटीवरच्या नाही. ७००×२५ च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला आणि मिनिटाला ६० फेरे मारले, तर:

- ३९ पुढे, २८ मागे: ताशी सुमारे १०.५ किमी
- ३४ पुढे, ३२ मागे: ताशी सुमारे ८ किमी
- ३० पुढे, ३२ मागे: ताशी सुमारे ७ किमी

चढावर वेग याच्याखाली गेला की फेरे ६० च्या खाली जातात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. सिंहगडाच्या उभ्या वळणांवर तुमचा वेग ताशी ७-८ किमी असेल तर ३९ ची आतली रिंग तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही शोभून दिसो. आणि मोठी रिंग लहान केल्यानं वेग जातो ही भीती फार मोठी करू नका. मिनिटाला ९० फेऱ्यांवर ५०/११ ला ताशी ५१.५ किमी पडतात, ४६/११ ला ४७. उतार सोडला तर त्या वेगाने किती वेळ जाता, हे स्वतःच्या राइडच्या नोंदीत बघा.

फक्त चेनरिंग बदलून भागेल का, हा प्रश्न इथेच सोडवा. त्यासाठी बीसीडी, म्हणजे चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळला पाहिजे. १३० च्या पाच हातांच्या जुन्या स्पायडरवर (रिंगा धरणाऱ्या भागावर) ३८ पेक्षा लहान रिंग बसत नाही. ११० वर ३४ बसते. शिमानोने २०१२ च्या सुमारास ड्युरा-एस ९००० (वरच्या श्रेणीचा ग्रुपसेट) पासून चार असमान हात आणले. त्यांचाही आकडा ११० च आहे, पण पाच हातांच्या ११० ची रिंग त्यावर बसत नाही. नुसता "११० बीसीडी" वाचून रिंग मागवणारे इथे फसतात.

रिंगा जोडीनेच घ्या. शिमानोच्या मोठ्या रिंगच्या मागे ती कुठल्या जोडीची आहे ते कोरलेलं असतं. ५२/३६ मधली ५२ काढून ३४ बरोबर लावली तर चेन चढवणारे उंचवटे चुकीच्या जागी येतात आणि फरकही १८ दातांचा होतो.

## टप्पा ६: डिरेल्युअर, स्पीड आणि चेन

फ्रंट डिरेल्युअर: शिमानोचे रोडचे डिरेल्युअर दोन रिंगांमधला १६ दातांचा फरक पेलतात, जीआरएक्सचे १७. शिवाय तो खाली किती येतो ते बघा. ५० वरून ४६ वर गेलात तर त्याला सुमारे ८ मिमी खाली यावं लागतं. फ्रेमवर घट्ट बसवलेल्या हँगरची (डिरेल्युअर अडकवायच्या पट्टीची) खाच तेवढी लांब नसते, असं बऱ्याच फ्रेमवर आढळतं. आत्ता बोल्ट खाचेत कुठे आहे आणि खाली किती जागा उरली आहे ते मोजा.

रिअर डिरेल्युअर: पुढच्या दातांचा फरक आणि मागच्या दातांचा फरक यांची बेरीज करा. ५०/३४ आणि ११-३२ असेल तर १६ + २१ = ३७. शिमानो १०५ आर७००० चा आखूड पिंजरा (चेन ताणून धरणारा हात) ३५ पेलतो, लांब ३९. म्हणजे इथे लांबच हवा.

स्पीड: ९, १० आणि ११ स्पीडच्या चेनची रुंदी वेगळी असते, त्याप्रमाणे रिंगांमधलं अंतरही. तुमच्या चेनच्या स्पीडचाच क्रँकसेट घ्या. स्रॅमच्या १२ स्पीड एएक्सएस रोडच्या चेनला मोठे रोलर आहेत. तिला तिच्याच रिंगा लागतात.

सावधान: मोठी रिंग बसवली आणि चेन जुनीच ठेवली तर पुढे मोठी रिंग आणि मागे सगळ्यात मोठा गिअर अशा जोडीवर चेन ताणून अडकते, आणि हँगरसकट डिरेल्युअर तुटतो. नवीन क्रँकनंतर पहिली गिअर बदलणी स्टँडवर, हाताने, हळू करा.

## टप्पा ७: क्रँकची लांबी

१६५, १७०, १७२.५, १७५. लहान फ्रेमला १६५ किंवा १७० घ्या. शंका असेल तर आखूड बाजूला झुका. वळणावर पेडल रस्त्याला कमी घासतं आणि पुढचं चाक बुटाला लागण्याची शक्यताही घटते. लांबी बदलली की सीटही बदलते: १७२.५ वरून १६५ वर आलात तर सीट ७.५ मिमी वर घ्या.

## टप्पा ८: जुना क्रँकसेट घेत असाल तर

सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकची तपासणी आणि बदली जाहीर केली. जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि एफसी-आर९१००-पी या मॉडेलमध्ये क्रँकचे चिकटवलेले दोन भाग सुटून क्रँक तुटू शकतो. १०५ या यादीत नाही. सेकंड हँड बाजारात हीच मॉडेल सगळ्यात जास्त फिरतात. क्रँकच्या आतल्या बाजूचा दोन अक्षरी उत्पादन कोड विक्रेत्याकडून फोटोत मागवा आणि शिमानोच्या यादीशी ताडून बघा. विक्रेता फोटो देत नसेल तर व्यवहार करू नका.

बाकी तपासणी पटकन होते. पेडलचे आटे बोट फिरवून बघा. डाव्या क्रँकच्या आतली दातेरी बाजू घासलेली आहे का ते बघा. चेनरिंगचे दात टोकदार आणि एका बाजूला झुकलेले असतील तर किमतीतून नव्या रिंगा वजा करा.

## टप्पा ९: बसवण्याचा क्रम

१. शेल स्वच्छ पुसा. आटे असतील तर आट्यांना ग्रीस लावा. प्रेस-फिट असेल तर बीबीच्या कागदात ग्रीस की चिकटद्रव्य ते बघा आणि तेच वापरा.

२. आट्यांचे कप आधी हाताने किमान तीन-चार फेरे फिरवा. हाताने फिरत नसतील तर थांबा. कप तिरका चाललाय किंवा बाजू चुकली आहे. मग शिमानोच्या कपांना ३५ ते ५० न्यूटन मीटर. प्रेस-फिट कप फक्त प्रेसने, सरळ. हातोडी नाही.

३. स्पिंडल आत सरकवा. हॉलोटेकचा डावा क्रँक लावा, बाहेरची टोपी ०.७ ते १.५ न्यूटन मीटरपर्यंतच. ही टोपी फक्त खेळ काढण्यासाठी असते, क्रँक धरून ठेवण्यासाठी नाही. ती जोराने आवळली की बेअरिंग लवकर जातं.

४. डाव्या क्रँकच्या फटीतली छोटी पट्टी खाली दाबा. तिची पिन स्पिंडलच्या भोकात बसली तर क्रँक पूर्ण आत गेलाय. बसत नसेल तर बोल्ट आवळू नका. बहुतेक वेळा स्पेसर जास्त झालेला असतो किंवा शेलची रुंदी चुकलेली असते.

५. डावा क्रँक स्पिंडलवर आवळणारे दोन्ही पिंच बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत.

६. चेन न लावता क्रँक फिरवा. तो सहज दोन-तीन फेरे फिरला पाहिजे. मग क्रँक आडवा, फ्रेमकडे आणि बाहेर, हलवून बघा. खेळ नको.

७. फ्रंट डिरेल्युअरची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दातांपासून १ ते ३ मिमी वर ठेवा. चेनची लांबी तपासा आणि मग गिअर लावा.

सावधान: स्रॅमच्या डबला क्रँकचा एकच बोल्ट असतो आणि त्याला ५४ न्यूटन मीटर लागतात. छोट्या एलन कीने हाताच्या अंदाजाने आवळला तर तो सैलच राहतो. डावा क्रँक थोडा वेळ सैल चालला तरी त्याच्या आतली जागा कायमची खराब होते, नंतर कितीही आवळून उपयोग होत नाही. टॉर्क रेंच नसेल तर एवढ्या एका बोल्टसाठी दुकानात जा.

पहिल्या लांब राइडनंतर पिंच बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि डावा क्रँक पुन्हा आडवा हलवून बघा. करकर येत असेल तर लगेच बीबीला दोष देऊ नका. आधी पेडलचे आटे, मग चेनरिंगचे बोल्ट, मग सीटपोस्ट, आणि सगळ्यात शेवटी बीबी उघडा.